‘गळल’ म्हणणारा माणूस

आमचा बुढा विचारलं तेवढंच सांगते. त्याच्या वर एक अक्षर नाई. लग्नाले बेचाळीस वर्षं झाली, तरी या सवयीनं माझं डोकं रोज तापते. चुलीवर भात ठेवून मी पाण्याले जाते, जाता जाता म्हणते, "अजी, भात करपते का पाहा." येऊन पाहते त भाताचा कोळसा, अन् हे चुलीपाशीच बसून. "करपला का जी?" "करपला." "मंग उतरवला काऊन नाई?" "तू पाह्यले सांगतलं होतं." अशा माणसासंगं संसार केला म्हणल्यावर सरकारनं मलेच काईतरी पेन्शन द्याले पायजे.

नाव दादाजी. आमी कुंभार, पण यायचं काम कवेलू फेरायचं. कवेलू म्हणजे मातीचं, अर्ध्या नळीसारखं. एक उताणं, एक पालथं, असे ते छतावर बसते. वर्षभर त्याच्यावर माकडं नाचतेत, मांजरी भांडतेत, काही सरकते, काही फुटते. म्हून उन्हाळा सरता सरता एक माणूस वर चढते, एकेक कवेलू उचलते, झाडते, फुटलेलं काढून धडकं बसवते. हे काम आमच्या घराण्यात चार पिढ्यांचं. आता सगळ्यायनं टिनं टाकले, स्लॅब टाकले. कवेलू घडवणारा कुंभार आरमोरीपासून कुरखेड्यापर्यंत शोधून सापडत नाई. मंग हे काय करतेत, कोणाचं जुनं घर पाडून राह्यले असं कानावर आलं की सायकल काढतेत अन् त्या घरचे कवेलू डाल्यात भरून आणतेत. आमच्या घरामागच्या सांदवाडीत कवेलूचे ढीग हायत. मले चार काड्या सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेराले जागा नाई.

या कामाची यायच्या घराण्यात एक रीत हाय, ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच झाला. छत फेरून झालं की घरधनी खालून विचारते, "गळल का जी?" फेरणाऱ्यानं वरून म्हणायचं, "गळल." मंग घरधनी म्हणते, "गळू दे," अन् त्याले उतरवून चाय पाजते. ‘गळणार नाई’ असं फेरणाऱ्यानं तोंडातून काढायचं नाई. काढलं त पाऊस ऐकते अन् त्याच घराचं नाव ध्यानात ठेवते, असं माझा सासरा सांगत होता. आमच्या भागातल्या कोणालेही ‘गळल’ ऐकून राग येत नाई. उलट फेरणारा काही न बोलता उतरला त घरची बाई घाबरते.

तर हे सांदवाडीतले सगळे कवेलू एकाच छतासाठी. कोशाची कोठी. आमी तिच्यातच राहतो.

दीडशेक वर्षांमागं आमच्या गावात मोठी पेठ होती. धानोऱ्याकडच्या जंगलातून रेशमाचा कोसा, लाख, हिरडा, मोहफूल भरून बैलबंड्या यायच्या अन् इथीच उतरायच्या. त्या वेळच्या एका शेठानं हे कोठी बांधली. बांधणारा माणूस डोकेबाज होता, ते मले कबूल करा लागते. ओटा बरोबर बंडीच्या उंचीचा. बंडी मागून लावली की पोतं उचलायचं काम नाई, सरकवलं की ओट्यावर. समोर अकरा खांब, सगळे सागाचे, खाली दगडाची बैठक अन् वर छपराले आधार द्याले कोरलेले लाकडी हात. खांबाच्या मागं सात गाळे, त्यायले दरवाजे नाई, फळ्या. सकाळी एकेक फळी काढायची, संध्याकाळी एकेक लावायची. मधल्या दालनात मोठं मयाल, म्हणजे आडवी तुळई हाय अन् त्याले लोखंडाची कडी. तिथी काटा टांगत होते. वर माळा, कोशासाठी. माळ्याच्या भिंतीले उभ्या बारीक फटी ठेवल्या हायत, फणीच्या दातासारख्या. त्याच्यातून वारा येते, पाणी येत नाई. कोसा ओला राह्यला त सडते, म्हून हे सोय. मे महिन्यात त्या माळ्यावर जाऊन बसा, कूलर लागत नाई.

शेठाचे नातू-पणतू नागपूरले असतेत. फोन उचलत नाईत. माझ्या सासऱ्याच्या वेळेले बोल झाला होता, छत सांभाळा अन् मागच्या खोलीत राहा. टोकाचा गाळाही आमच्याकडंच. त्याच्यात मी मडके, गाडगे, पणत्या विकते. बाकीच्या गाळ्यायपैकी दोनच चालू हायत. एकात शकुबाईची शिलाई मशीन अन् एकात लटारूचं पंक्चरचं दुकान.

आता त्याच कोठीचे हाल ऐका. मी लग्न होऊन आली तवा रोडवरून ओट्यावर चढाले पाच पायऱ्या होत्या. मंग डांबरी रोड झाला, एक पायरी गेली. त्याच्यावर दुसरं डांबर आलं, मंग सिमेंट आलं, मंग निवडणुका आल्या अन् सिमेंटवर सिमेंट आलं. जुना रोड खोदून काढायचं कोणाच्या बापाले सुचत नाई. आज आमच्या ओट्यावर चढा लागत नाई, एक पायरी उतरा लागते. पावसाचं सगळं पाणी येऊन खांबायच्या पायाशी बसते. नाली हाय, पण ते रोडच्या खाली दबली. लटारूनं मातीच्या भिंतीले सिमेंटचा गिलावा मारला, मजबूत होते म्हणे. भिंतीले आतून घाम सुटला अन् गिलावा फुगून त्याच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडली. कोरलेल्या हातायले कोणी वायरीचे खिळे ठोकले, कोणी वाढदिवसाचे बॅनर बांधले. ज्याचा वाढदिवस होता त्याले विचाराले पायजे, बाबू, तुह्या आंगात खिळा ठोकला त चालल का.

यायचं मात्र एकच. रोज सकाळी उठून फावडं घ्यायचं अन् खांबायच्या पुढं एक वीत खोल चर काढायचा, पाणी मागच्या बोडीकडं, म्हणजे लहान तळ्याकडं काढाले. नगरपंचायतीची माणसं रोडच्या साफसफाईत ते बुजवतेत. हे दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतेत. मी म्हणते, "अजी, एकदा जाऊन ऑफिसात सांगा ना." "त्यायनं विचारलं नाई." पंधरा वर्षं हेच उत्तर.

या वर्षी होळी झाली अन् कोठीवर कागद चिकटवला. धोकादायक इमारत, पाहणी होणार, पावसाच्या आधी पाडणार. शकुबाईनं वाचून दाखवला.  हे वर पाहून राह्यले होते, एका कवेलूकडं.

पाहणीले दीपाली नावाची इंजिनिअर पोरगी आली. सांगलीकडची, नवीनच लागलेली, गुणाची. उन्हात घामाघूम होऊन तिनं एकेक खांब मोजला, ओळंबा लावला, मोबाईलवर फोटो काढले. सगळे खांब आत झुकले हायत हे तिनं वहीत लिहिलं. भेग लिहिली. मंग तिले कोणीतरी सांगतलं, या कोठीची माहिती दादाजीले जेवढी हाय तेवढी कोणाले नाई. ते बिचारी यायच्या समोर येऊन ओट्यावर बसली.

"काका, तुम्ही किती वर्षं या छताचं काम करता?"

"बावन."

"मग तुम्हीच खरं सांगू शकाल. छत गळतं का?"

"गळल."

मी गाळ्यात बसून मडके पुसत होती. माझा हात थांबला. मले वाटलं आता ते पोरगी ‘गळू दे’ म्हणल अन् हासल. तिनं कुठून म्हणावं. तिनं खाली मान घालून लिहिलं.

"आणि भिंती, खांब? या पावसात इमारत पडेल, असं वाटतं का तुम्हाला?"

यायनं एकदा वर मयालाकडं पाह्यलं. मंग म्हणले, "पडल."

"नक्की?"

"पडल."

मी गाळ्यातून उठून बाहेर येईपर्यंत तिनं कागद पुढं केला होता अन् यायनं आपली वाकडीतिकडी सही केली होती. बावन वर्षांचा अनुभव असलेले स्थानिक कारागीर, यांच्या मते इमारत या पावसाळ्यात कोसळेल. खाली दादाजी. ज्या छतासाठी माणसानं जन्म घालवला, त्याच्या पाडायच्या कागदावर पह्यली सही त्याचीच. मी त्या दिवशी जे बोलली ते इथी सांगत नाई. लटारू दुकान सोडून पळाला एवढंच सांगते.

"तुमाले अक्कल हाय का नाई? ते पोरगी कुठली, तिले तुमची रीत ठाऊक हाय का? तिले सांगा लागते ना, असं असं हाय, आमच्यात असं म्हणतेत म्हून."

"तिनं विचारलं नाई."

"मंग आता जा अन् म्हणा, पडत नाई."

हे माझ्याकडं पाहत राह्यले. मंग उठून फावडं घेऊन चर काढाले गेले. भर दुपारी.

मी चिडली, पण यायचं तोंड काऊन बंद होते ते मले ठाऊक हाय. यायची एक बहीण होती, सुकरी. लहानी. धानोऱ्याच्या पुढं एका गावात देल्ली होती. तीस-एक वर्षांमागं यायनं तिच्या घराचे कवेलू फेरून देल्ले. नवराही घरी नव्हता तिचा, पोरं लहान होती, पावसाचं भेव वाटे तिले. खालून तिनं घरधन्यासारखं विचारलं नाई. ते म्हणली, "दादा, मी निवांत झोपू ना?" बहीण होती, डोळ्यात पाणी आणून विचारत होती. हे म्हणले, "झोप. गळत नाई." त्या वर्षी छत खरंच गळलं नाई. एक थेंब नाई. पण मागच्या धानाच्या बांधीचा बांध फुटला, पाणी भिंतीच्या पायाशी आलं, अन् पहाटे भिंत आत आली. पोरं दुसऱ्या बाजूले होती, वाचली. सुकरी गेली. हे तिथी पोचले तवा छताचे अर्धे कवेलू जसेच्या तसे बसून होते.

त्या दिवसापासून यायनं चांगलं काही होईल असं तोंडातून काढलं नाई. पोरगं धनराज परीक्षेले निघालं तरी म्हणत, "नापास होशील." ते पोट्टं समजदार, हासून जाये. अन् ‘झोप’ हा शब्द त माझ्या घरात तीस वर्षांत कोणी ऐकला नाई. मी आजारी पडली तवाही हे उशाशी बसून राह्यले, पाणी देल्लं, पाय दाबले, पण ‘झोप आता’ म्हणलं नाई. मले त्याचा राग येत होता अन् रडूही येत होतं. आता कोणाकोणाले समजावून सांगा.

पंधरा दिवसायनं शेवटची पाहणी होती. मोठे साहेब स्वतः येणार होते. ज्याले हरकत हाय त्यानं त्या दिवशी बोलायचं, मंग बोलायचं नाई. नागपूरवाल्यायले मी सात फोन लावले. आठव्या वेळेले एका बाईनं उचलला अन् म्हणली, पडू दे काकू, जागेले भाव येईल. शकुबाई म्हणली, तूच बोल. मी म्हणलं, मी काय वकील हावो का. मले फक्त बुढ्याशी भांडाले येते.

साहेब आले दहा वाजता, जीपमधून उतरले, अन् एक पायरी खाली उतरता उतरता त्यायचा पाय मुरगळला. मले बरं वाटलं. दीपाली मागून फाईल घेऊन. लोकं जमली. साहेब खुर्चीवर बसून म्हणले, "हे तर स्पष्टच आहे. तुमच्याच माणसानं लिहून दिलं. दादाजी कोण? तुम्ही का? तुम्हीच म्हणालात ना, पडेल?"

हे हात जोडून उभे. म्हणले, "हो जी."

"मग विषय संपला."

माझं डोकं सणकलं. बेचाळीस वर्षं मी या माणसाकडून उत्तरं काढत आली. कुठी गेले होते, हे नाई विचारायचं. कोणत्या गावच्या रोडनं गेले होते, मधात कुठी थांबले, कोण भेटलं, असं एकेक विचारायचं, तवा दुपारपर्यंत कळते की हे लग्नाले जाऊन जेवून आले. हे विद्या दुसऱ्या कोणाकडं नाई. मी पदर खोचला अन् पुढं झाली.

"साहेब, तुमी नाई, मले विचारू द्या. याले विचाराचं कसं ते मले ठाऊक हाय."

साहेब काही बोलायच्या आत मी यायच्या समोर उभी राह्यली.

"अजी, हे खांब आत झुकले हायत का?"

"हायत."

"किती?"

"चार बोटं."

"कोणता जास्त, कोणता कमी?"

"सगळे सारखे. अकराही."

दीपालीनं वहीतून मान वर केली.

"कवापासून झुकले?"

"बसवले तवापासून."

"कोणी झुकवले?"

"बांधणाऱ्यानं. कवेलूचं वजन खांबाले बाहेर ढकलते. म्हून बसवतानाच आत झुकवून बसवा लागते. माझ्या आज्यानं दाखवलं होतं. पडणारं घर असं मोजून झुकत नाई."

एवढं लांब वाक्य मी यायच्या तोंडून पह्यल्यांदाच ऐकलं. दीपाली उठली, ओळंबा घेऊन पह्यल्या खांबापाशी गेली, मंग दुसऱ्या, मंग अकराव्या. परत आली तवा तिचा चेहरा बदलला होता. "सर, खरंच सगळ्यांचा कल सारखा आहे. मी वेगवेगळे लिहिले होते, आकडे शेजारी ठेवून पाहिले नव्हते."

मी थांबली नाई. "ते भेग पडली ते भिंतीले का?"

"नाई. लटारूच्या सिमेंटले."

"सिमेंट काढलं त आत काय दिसल?"

"भिंत."

लोकं हासली. लटारू मागं सरकला. दीपालीनं हातोडी मागवली अन् फुगलेल्या गिलाव्यावर दोन ठोके देल्ले. पपडी खाली आली. आत मातीची भिंत, ओली, पण सलग. भेग कुठीच नाई.

"मंग या कोठीले भेव कशाचं हाय?"

"पाण्याचं."

"वरच्या?"

"वरच्याचं मी पाहतो. खालच्याचं."

"ते कुठून येते?"

यायनं साहेबाकडं पाह्यलं. त्यायच्या मुरगळल्या पायाकडं पाह्यलं. "रोडवरून," म्हणले.

"नाली कुठी हाय?"

"साहेबाच्या खुर्चीच्या दोन हात पुढं. सिमेंटच्या खाली."

साहेबानं खुर्ची मागं घेतली. दीपाली लिहून राह्यली होती. तिचा पेन भराभर चालत होता अन् माझ्या जीवात जीव येऊन राह्यला होता. मंग तिनंच सगळं बिघडवलं. तिचा दोष नाई. तिले वाटलं, आता शेवटचं एक वाक्य लिहिलं की झालं.

"काका, म्हणजे मी तुमचा आधीचा जबाब बदलते. नाली मोकळी केली तर इमारत पडणार नाही. असं लिहू ना?"

यायनं मान फिरवून नालीच्या जागेकडं पाह्यलं.

"काका?"

"तसं मी म्हणत नाई."

"पण तुम्ही आत्ताच तर..."

"तसं मी म्हणत नाई," हे पुन्हा म्हणले. 

साहेब उठले. "बघा. हा माणूस स्वतःच खात्री देत नाही. उद्या कोणी दगावलं तर जबाबदार कोण? फाईल बंद करा."

मले त्या क्षणी या माणसाचा एवढा राग आला, एवढा राग आला की त्याच्या डोक्यावर एक मडकं फोडावं वाटलं. सगळी बाजू पलटली होती. फक्त दोन शब्द पायजे होते, ‘पडत नाई’. अन् मले हेही दिसत होतं की हे शब्द सुकरी मागून धरून बसली हाय. मी लोकायदेखत रडाले लागली असती. मंग मले समजलं, आणखी एक प्रश्न उरला हाय. तो मले विचारायचा नव्हता. तीस वर्षं मी तो टाळला होता.

मी यायच्या जवळ गेली. जोरात नाई, हळूच विचारलं.

"अजी, यंदाच्या पावसात मी या कोठीत निवांत झोपू ना?"

हे माझ्याकडं पाहत राह्यले. यायचे डोळे भरले. साहेब जीपकडं निघाले होते, ते थांबले.  लटारूच्या दुकानात टायरची हवा जाऊन राह्यली होती, तेवढाच आवाज.  हे मयालाकडं पाहून आले, खांबायकडं पाहून आले, मंग खाली, त्या चराकडं.

"झोप," हे म्हणले.

 मी ओट्यावर बसली. दीपाली माझ्याकडं वाकून म्हणली, "काकू, हे काय झालं?" मी तिले सांगतलं. रीत सांगतली, सुकरी सांगतली, चार वाक्यात. तिनं वही बंद केली नाई. उलट जुना जबाब काढला, त्याच्यावर आडवी रेघ मारली, अन् साहेबाले म्हणली, "सर, यांनी खात्री दिली. मी ऐकली. सही मी करते."

साहेबाले काय वाटलं कोण जाणे. पाय दुखत होता, ऊन चढलं होतं, लोकं पाहून राह्यली होती. पाडणं दिवाळीपर्यंत थांबवलं, कोठीनं पाऊस काढला त पुन्हा पाहू, असं लिहिलं. नाली खोदायचा हुकूम देल्ला. नाली खोदाले माणसं याले वीस दिवस लागले अन् त्याच्यासाठी मी ऑफिसात किती चकरा मारल्या ते माझ्या चपलेले विचारा. पण खोदली. सिमेंटच्या खाली जुनी नाली निघाली, दगडानं बांधलेली, धडधाकट. शेठाच्या काळची. तिच्यात फक्त आमचा कचरा होता.

आता कोणाले वाटल, गोष्ट संपली. नाई संपली. पाऊस लागला अन् आमच्या घरात नवीन तमाशा सुरू झाला. बुढ्यानं ‘झोप’ म्हणलं होतं ना. मले म्हणलं, पण स्वतः झोपणं सोडलं. रोज छतावर चढायचं, उतरायचं, खांबाची बैठक हातानं चाचपायची, नाली पाह्यची, पुन्हा वर. जेवता जेवता वर पाह्यचं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, डोळे खोल गेले, गालफडं दिसाले लागली. यंदा यायनं कवेलू असे फेरले होते की एक थेंब आत येत नव्हता. अन् जेवढं छत कोरडं, तेवढे हे जास्त घाबरे. सुकरीचं छतही कोरडंच होतं. मी समजावलं, शिव्या देल्ल्या, डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं विचारलं, झोप येते का. "येते," म्हणले. येते, पण घेत नाई, हे त्यानं विचारलं नाई.

पोळ्याच्या आधी चार दिवस झड लागली. पाऊस थांबेच ना. वैनगंगा फुगली, रोडवर घोट्याएवढं पाणी, पण सगळं नालीतून सरसर बोडीकडं जाऊन राह्यलं होतं. चवथ्या दिवशी दुपारी मी गाळ्यात बैलं रंगवत होती, मातीची, पोळ्याले विकाले. हे खांबाले टेकून वर पाहत बसले होते. मी म्हणलं, "अजी, थोडं आडवे व्हा." काई नाई. दगडाशी बोलावं तसं.

तेवढ्यात माझ्या हातातल्या बैलाच्या पाठीवर टप्पकन थेंब पडला. ओला रंग फुटला. मी वर पाह्यलं. माळ्याच्या फळीतून आणखी एक थेंब लोंबत होता. माकडानं सरकवलं असल एखादं कवेलू. माझ्या अंगाची आग झाली. सकाळपासून रंगवलेला बैल, अन् या बुढ्यानं अडीच महिने छतावर काढून शेवटी हेच. मी ओरडाले तोंड उघडलं.

हे उठून माझ्याजवळ आले होते. तो थेंब पडताना यायनं पाह्यला. हात पुढं केला, दुसरा थेंब तळव्यावर घेतला, बोटं मिटली. अन् मी या माणसाचा चेहरा असा मोकळा झालेला लग्नाच्या दिवशीही पाह्यला नव्हता.

"गळलं," हे म्हणले.

मंग तिथीच, मडक्यायच्या मधात, पोत्यावर आडवे झाले अन् दोन मिनिटात घोराले लागले.

मी एक गाडगं आणून थेंबाखाली ठेवलं. खराब झालेला बैल पुसून बाजूले केला. बेचाळीस वर्षं मी या रीतीले येडेपणा म्हणत आली, कधी तोंडातून त्याचं उत्तर काढलं नाई. त्या दिवशी यायच्या अंगावर चादर टाकली अन् म्हणली, "गळू दे."